रोल घरी धुताय? जरा थांबा!

आपल्याकडे फोटोचा रोल 'धुतात'. डेव्हलप करणे हा शब्द स्टुडिओच्या पाटीवर. घरात, गल्लीत, लग्नाच्या मांडवात सगळे विचारणार, "रोल धुवायला टाकला का हो?" शब्द मोठा घरगुती आणि गोड आहे, पण नवशिक्यांचा घात त्यानेच केला, असे माझे मत होत चालले आहे. धुणे म्हटले की माणसाला वाटते, एक बादली, थोडी पावडर, खळबळून काढायचे आणि दोरीवर टाकायचे. झाले! खरे म्हणजे हे काम धुण्यापेक्षा स्वयंपाकाच्या जवळचे. आच किती, वेळ किती, कशाआधी काय घालायचे, हे चुकले की भाजी बिघडते. भाजी दुसऱ्या दिवशी पुन्हा करता येते. फोटो येत नाही.

हा विषय या दिवाळीला मुद्दाम घेतला आहे. मोबाईलवर दिवसाला शंभर फोटो काढणारी मुले आता आजोबांच्या ट्रंकेतले कॅमेरे बाहेर काढू लागली आहेत. कृष्णधवल फिल्म टपालाने येते, रसायनेही येतात. पूर्वी उटीच्या सरकारी कारखान्याची 'इंदू' फिल्म मिळे. तो कारखाना बंद पडला, आता सगळे बाहेरून येते आणि स्वस्त मुळीच नाही. शिवाय लहान गावात रोल धुऊन देणारा स्टुडिओ शोधून सापडत नाही. मग उरते आपली न्हाणीघराची खोली. आमच्या आळीत मला मुले फोटोकाकू म्हणतात. वडील रेल्वेत होते, त्यांच्या नादातून हे काम माझ्या हाताला लागले. त्यामुळे रोल बिघडला की तो माझ्या दारात येतो. कोरी किंवा काळीठिक्कर फिल्म हातात घेऊन उभी राहिलेली मुले पाहून पाहून ह्या लेखाची तयारी झाली, म्हणा ना.

आमचे दुधनी म्हणजे सोलापूर जिल्ह्याचे अगदी टोक, अक्कलकोट तालुक्यातले. सोलापूरहून वाडीकडे जाणारी गाडी महाराष्ट्र सोडण्याआधी इथे थांबते. बाजारात निम्मे बोलणे मराठी, निम्मे कानडी, आणि हवेत तुरीचा भुसा. ऊन असे की मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीचे पाणी अंगावर घेताना माणूस ओरडतो. विहिरी-बोअरचे पाणी जड. डाळ शिजायला वेळ लावणारे. आणि रसायनांच्या डब्यावरच्या सूचना पाहा, तर त्या थंड देशांत लिहिलेल्या! "पाणी २० अंश सेल्सियस ठेवावे." आमच्याकडे २० अंश पाणी मिळायला मार्गशीर्ष-पौषाची पहाट लागते.

पण उष्णतेकडे येण्याआधी अंधाराचे सांगते, कारण पहिली चूक तिथेच होते. पुष्कळांचा पक्का समज असतो की डार्करूम म्हणजे तांबडा दिवा. सिनेमात पाहिलेले असते ना! तो तांबडा दिवा फोटोच्या कागदासाठी चालतो. आजच्या बहुतेक कृष्णधवल फिल्मला मात्र तांबडा प्रकाशही दिसतो, म्हणून तिला पूर्ण काळोखच हवा. आजोबा सांगतात, "आम्ही तांबड्या दिव्यातच करत होतो," तेही खोटे नाही. फार पूर्वीच्या फिल्मला तांबडा रंग जवळजवळ दिसतच नसे. म्हणजे आजोबांचा सल्ला त्यांच्या काळापुरता खरा; तो आजच्या रोलला लावला की सगळा रोल काळा.

घरच्या घरी फिल्म धुण्याची गोष्ट निघाली की मला सरस्वतीबाई फाळक्यांची आठवण झाल्यावाचून राहत नाही. १८९९ साली सावेदादा भाटवडेकरांनी मुंबईत हँगिंग गार्डनमध्ये कुस्ती चित्रित केली, तेव्हा फिल्म धुवायला विलायतेला पाठवावी लागली होती. पुढे १९१२ मध्ये दादासाहेब फाळके इंग्लंडहून विल्यम्सन कॅमेरा, फिल्मला छिद्रे पाडण्याचे यंत्र आणि कच्ची फिल्म मागवून कामाला लागले, ते दादरच्या राहत्या घरात. फिल्म येई ती छिद्रांवाचून. कडेची छिद्रे काळोखात बसून पाडायची, आणि तीही नेमक्या अंतरावर. हे काम सरस्वतीबाई शिकल्या. दिवसा सगळ्या मंडळींचा स्वयंपाक, रात्री ही फिल्म, रसायने कालवणे आणि फिल्म धुणे. 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजी गिरगावातल्या कॉरोनेशन सिनेमात लोकांसमोर आला, त्यात त्या माउलीच्या बोटांचा वाटा किती, ह्याचा हिशेब कुणी मांडलेला माझ्या वाचनात नाही. आपल्याला तर एकच रोल रिळावर चढवायचा असतो. तोही बारा नाही तर छत्तीस चित्रांचा!

तर ते रीळ. टाकीतल्या चक्राकार रिळावर फिल्म अंधारात चढवायची असते, आणि ती अडकली की माणूस घाबरतो, जोर लावतो, फिल्म मुडपते. मुडपलेल्या जागी फोटोत चंद्रकोर उमटते. संकष्टीला ठीक, पण नवरीच्या कपाळाशेजारी नको! फिल्म अडकते ती बहुधा रीळ ओले असते म्हणून. आदल्या रोलचा एक थेंब खाचेत राहिला तरी पुरे. रीळ खडखडीत वाळलेले हवे आणि हातही कोरडे हवेत. आमच्याकडे उन्हाळ्यात दुपारी कापडी पिशवीत हात घालून हे काम करणे म्हणजे फजितीच. दहा मिनिटांत पिशवीचे न्हाणीघर होते, घामाने फिल्म चिकटते. हे काम पहाटे करावे. एखादा वाया गेलेला रोल घेऊन आधी उजेडात, मग डोळे मिटून, मग अंधारात, असे दहा-पंधरा वेळा चढवून पाहावे. सोन्यासारखा रोल पहिल्याच दिवशी हातात घेऊ नये.

खोली अंधारी आहे की नाही, ते आत शिरल्या शिरल्या कळत नाही. दार लावून दहा मिनिटे गप्प बसा, मग पांढरा कागद डोळ्यांसमोर धरा. दिसला तर कुठून तरी उजेड येतो आहे. दाराखाली चादर, झरोक्याला गोधडी. आणि हल्लीचे चोर निराळेच असतात. चार्जरचा ठिपका, गीझरचा दिवा, मनगटावरचे घड्याळ. सर्वांत मोठा चोर खिशातला मोबाईल! ऐन वेळी मावशीचा फोन येतो आणि सगळी न्हाणी उजळते. एकाने तर मला विचारले, "काकू, लक्ष्मीपूजनाच्या रात्री अमावस्या असते, तेव्हा चढवू का?" मी म्हटले, बाबा रे, वर्षातली काळोखी रात्र खरी, पण त्या रात्री पणतीवाचून एक कोपरा तरी ठेवतो का आपण?

आता पाणी आणि ऊन. डेव्हलपर जितका गरम तितका घाईने काम करतो. इलफर्डच्या एचपी-५ प्लस फिल्मला आयडी-११ डेव्हलपर तसाच वापरला तर २० अंशांना साडेसात मिनिटे सांगितली आहेत. २३ अंशांना वेळ सुमारे पाऊणपट करावा लागतो, म्हणजे साडेपाच मिनिटे आणि वर थोडे. २६ अंशांना तो आणखी उतरतो, आणि पाच मिनिटांखाली गेलात की टाकीत ओतण्या-काढण्यातच वेळ जाऊन फोटोवर ढग उठतात. तेव्हा उन्हाळ्यात डेव्हलपरमध्ये तितकेच पाणी घालावे. एकास एक केला की २० अंशांचे १३ मिनिटे होतात. २३ ला पावणेदहा आणि २६ ला सात मिनिटांच्या थोडे वर. मग हाताशी पुरेसा वेळ राहतो. ही दुरुस्ती कागदावर लिहून टाकीशेजारी ठेवा. अंदाजपंचे चालत नाही. थर्मामीटर मात्र तापाचा नको, तो ३५ च्या खाली काही दाखवतच नाही.

पाणी गार कसे करावे? इथे आमच्या गावाचा एक फायदा आहे. हवा कोरडी असल्यामुळे मातीचा माठ छान गार होतो. मुंबईच्या दमट हवेत तो इतका गुण देत नाही. रात्री माठात भरलेले पाणी पहाटे वापरावे, आणि डेव्हलपरच्या बाटल्या ओल्या फडक्यात गुंडाळून परातीत उभ्या कराव्या. बर्फ लागलाच तर परातीत टाकावा, डेव्हलपरमध्ये नव्हे; तो वितळला की डेव्हलपर पातळ झाला. आणि एक डेव्हलपरच तेवढा गार करून बाकीचे पाणी थेट नळाचे घेणे ही फार मोठी चूक. २२ अंशांच्या डेव्हलपरमधून काढलेली फिल्म ३४ अंशांच्या पाण्यात टाकली की तिच्यावरचा जिलेटिनचा थर फुगतो, मऊ पडतो. नखाचा नुसता स्पर्श झाला तरी ओरखडा उठतो, आणि काही फिल्मवर तर सायीसारख्या सुरकुत्या पडतात. सगळे पाणी एकाच परातीतले, एकाच जातीचे असावे.

ह्या मऊपणावर तुरटीचा उपाय जुने लोक सांगतात. तो खरा आहे. तुरटीने जिलेटिन कडक होते आणि जुन्या कडक करणाऱ्या फिक्सरमध्ये ती असेच. पण म्हणून दाढीच्या तुरटीचा खडा हायपोत टाकू नका. तिला सोबत आम्ल लागते, नाही तर गढूळ साका तयार होऊन फिल्मवर बसतो. शिवाय तुरटीच्या फिक्सरनंतर फिल्म जास्त वेळ धुवावी लागते, आणि पाण्याच्या पाळ्या असलेल्या गावात ते परवडत नाही.

चैत्रातली गोष्ट. शेजारच्या वाड्यातल्या अज्जींचा नातू एक आगफा क्लिक थ्री घेऊन आला. आत रोल तसाच होता. मागच्या तांबड्या खिडकीत अकराचा आकडा दिसत होता. कॅमेरा त्याच्या अज्जांचा. अज्जा आडतीच्या दुकानात बसायचे, त्यांना जाऊन पंचवीस वर्षे होऊन गेली, आणि घरात त्यांचा फोटो म्हणावा तर रेशनकार्डावरचा आणि हार घातलेला एक, दोन्ही कुणीच हसत नसलेले. "काकू, आजच करू या," मुलगा म्हणाला. मी रोल काळ्या कागदात गुंडाळून, डब्यात घालून फ्रीजमध्ये ठेवला आणि सांगितले, मार्गशीर्षात ये. तोवर स्वतःचे तीन रोल धुऊन दाखव.

त्याला राग आला. अज्जीही दोन दिवस माझ्याशी नीट बोलल्या नाहीत. म्हाताऱ्या माणसाला आठ महिने थांब म्हणणे सोपे नसते, हे मलाही कळत होते. पण इतक्या जुन्या फिल्मवर धुक्यासारखा करडेपणा चढलेला असतो, चित्र फिके पडत गेलेले असते. त्यात उन्हाळ्याची भर घातली तर होते तेही जायचे. आणि दुसरी संधी नाही.

मुलाचा पहिला रोल निघाला तो काचेसारखा कोरा. मी कडा पाहिल्या. वाचकहो, ही खूण लक्षात ठेवण्याजोगी आहे. फिल्मच्या कडेला कंपनीचे नाव आणि आकडे आधीच छापलेले असतात. ते डेव्हलपरमध्येच उमटतात. अक्षरे आहेत पण चित्र नाही, तर दोष कॅमेऱ्याचा. फिल्म पुढे सरकलीच नसेल किंवा झडप उघडली नसेल. अक्षरेही नाहीत, तर दोष धुण्यात. डेव्हलपर मेलेला, किंवा हायपो आधी ओतला. अक्षरांसकट सगळे काळे, तर उजेड लागला. मुलाच्या फिल्मला अक्षरे नव्हती. दोन्ही रसायने त्याने सरबताच्या एकसारख्या बाटल्यांत भरली होती! मी आधी त्या बाटल्या फोडायला लावल्या. सरबताच्या बाटलीत रसायन ठेवणे ही फोटोची चूक नव्हे, जिवाशी खेळ आहे. घरात लहान मूल असते, तहानलेला पाहुणा असतो. बाटल्या निराळ्या आकाराच्या, निराळ्या रंगाच्या, मोठ्या अक्षरांच्या चिठ्ठ्या लावलेल्या आणि कुलपात हव्यात. स्वयंपाकघरातले भांडे, चमचा, गाळणी ह्या कामाला एकदा वापरली की परत ओट्यावर जाता कामा नये.

दुसऱ्या रोलवर कोरी उठली. तिसरा चांगला निघाला.

डिसेंबरात एका रविवारी पहाटे आम्ही बसलो. क्लिक थ्रीचा रोल कागदाच्या पाठीचा असतो. उलगडताना आधी कागद, मग फिल्मचे मोकळे टोक हाताला लागते, आणि ते टोक शेवटच्या चित्राचे असते. बारावे चित्र काढलेलेच नव्हते, म्हणून तेवढाच तुकडा कापून आधी धुऊन पाहिला. धुके किती आहे ते त्यावरून कळले. धुके आवरणारे बेन्झोट्रायाझोल थोडे घालून दुसरा तुकडा केला, तेव्हा जमले. मग उरलेला रोल चढवला तो मुलाने; माझी बोटे आता तितकी चपळ नाहीत. जुनी फिल्म स्प्रिंगसारखी गुंडाळते, त्याने न बोलता वीस मिनिटे घेतली. १८ अंशांचा ताजा डेव्हलपर. टाकी उलटसुलट करायची ती पहिला अर्धा मिनिट सतत, मग दर मिनिटाला दहा सेकंद. आणि प्रत्येक वेळी टाकी ओट्यावर हलकेच आपटायची, म्हणजे बुडबुडे सुटतात. बुडबुडा चिकटून राहिला तर तिथे डेव्हलपर पोहोचत नाही आणि फोटोत काळा गोल ठिपका येतो. काही मुले उत्साहाने टाकी ताक घुसळावे तशी घुसळतात, त्याचेही पट्टे उमटतात. मग व्हिनेगर. पांढरे, एका भागाला तीन भाग पाणी घालून. मग फिक्सर.

अकरांपैकी सहा चौकटी नुसत्या करड्या निघाल्या. पाचांत चित्र होते. एकात अज्जा तराजूशेजारी पोत्यावर बसलेले, तोंड उघडे, बहुधा कुणाला तरी ओरडत असावेत. एकात अज्जी, पदर तोंडावर घेत, पण हसू लपले नव्हते. अज्जींना निगेटिव्ह उजेडासमोर धरून दाखवली. निगेटिव्हमध्ये काळे ते पांढरे दिसते. त्यांनी बराच वेळ पाहिले आणि म्हणाल्या, "अय्यो, तेव्हाच माझे केस पिकले होते होय ग?" अज्जांविषयी त्या काहीच बोलल्या नाहीत. फिल्म मात्र हातातून सोडेनात, आणि ती अजून नीट वाळलेली नव्हती!

असो. रसायनांविषयी दोन गोष्टी राहिल्या. पुष्कळजण डेव्हलपर घरीच कालवतात. कोडॅकचा जुना डी-७६ सोपा आहे. एक लिटरला मेटॉल २ ग्रॅम, निर्जल सोडियम सल्फाइट १०० ग्रॅम, हायड्रोक्विनोन ५ ग्रॅम आणि टाकणखार २ ग्रॅम. पाऊण लिटर पाणी ५० अंशांपर्यंत कोमट करून ह्याच क्रमाने, एक पूर्ण विरघळल्यावर दुसरे घालत जावे, आणि शेवटी पाणी घालून लिटर पुरे करावे. सल्फाइट आधी घातले तर मेटॉल विरघळत नाही. फार तर चिमूटभर सल्फाइट आधी टाकावे. दुकानातून आणताना चिठ्ठी वाचा. सल्फाइट, सल्फेट आणि थायोसल्फेट ही नावाने भावंडे, कामाने वैरी. थायोसल्फेट म्हणजे तर खुद्द हायपो. मेटॉलने काहींच्या हातांना खाज सुटते, हातमोजे घाला. अर्ध्या भरलेल्या बाटलीत डेव्हलपर हवेने तपकिरी होऊन मरतो. त्यात मुलांच्या काचेच्या गोट्या धुऊन टाका, पातळी वर येते. रोल टाकण्याआधी फिल्मच्या टोकाचा तुकडा उजेडातच डेव्हलपरमध्ये बुडवा. काही मिनिटांत काळा झाला तर डेव्हलपर जिवंत. तसाच दुसरा, न धुतलेला तुकडा हायपोत टाका. तो पारदर्शक व्हायला जितका वेळ लागेल त्याच्या दुप्पट वेळ फिल्म हायपोत ठेवा. हायपोचे खडे विरघळताना पाणी एकदम गार पडते, म्हणून तो आदल्या दिवशीच करून ठेवावा.

नळाखाली अर्धा तास फिल्म धुण्याची चैन आमच्या गावाला जमणारी नाही, आणि तिची गरजही नाही. तुरटीविना फिक्सर असेल तर टाकी भरून पाच वेळा उलटी करा, पाणी ओता. पुन्हा भरून दहा वेळा. पुन्हा भरून वीस वेळा. इलफर्डने सांगितलेली ही रीत आहे. तीन टाक्या पाण्यात काम झाले. त्यानंतर चौथे पाणी जड नको, नाही तर वाळताना क्षाराचे पांढरे ठिपके पडतात. इन्व्हर्टरला घालतात ते डिस्टिल्ड पाणी घ्यावे आणि फिल्म ओली करणाऱ्या द्रावाचा एखादाच थेंब टाकावा. फेस येईल इतका नको.

आणि मग बोट, रुमाल, पंचा, काही एक लावू नका. आंघोळीनंतर वाफेने धूळ खाली बसलेली असते, तेव्हा न्हाणीतच दोरीला चिमट्याने टांगा, खाली दुसरा चिमटा वजनाला. दार बंद. सुगीच्या दिवसांत आमच्याकडे तुरीचा भुसा बंद खिडकीतूनही आत येतो, म्हणून मी त्या दिवसांत रात्रीच टांगते. कोरडी झाली की सहा-सहा चित्रांचे तुकडे करून कागदी पाकिटात घाला, पाकिटावर तारीख घाला, आणि पावसाळ्यात ते लोखंडी कपाटाच्या तळाला ठेवू नका. जिलेटिनला बुरशी धरते आणि झुरळांनाही ते आवडते. वाळेपर्यंत त्या खोलीत पंखा लावू देऊ नका. दिवाळीचे पाहुणे आले, उकडते म्हणाले, तरी बाहेरच्या खोलीत बसवा आणि सरबत द्या. चिठ्ठी नसलेल्या बाटलीतले.